चार टोकांची सुई

कावासाकी, १७ नोव्हेंबर १९९७

मावशी,

पहिल्या चार ओळी थंडी, गळणारी पानं आणि तुझी तब्येत यांच्याबद्दल लिहायच्या असतात, असं आईनं शिकवलंय. त्या लिहिल्या असं समज, कारण आज मला कामाचं बोलायचंय. फोनच करणार होतो. पण प्रेसशेजारी बसून बसून तुझे कान गेले, आणि फॅक्स पाठवावा तर तुमचे कुरामोतो तो अख्ख्या कारखान्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीची चौकशी पार ओता नदीच्या पलीकडून झाली होती. म्हणून पत्र.

काकांनी शिवणाच्या सुया बंद करून चिपा तपासायच्या सुया करायला घेतल्या, त्या सुया इथं येऊन काय करतात ते तू कधी पाहिलं नाहीस. सांगतो. चिप तयार झाली की तिच्या इवल्याशा सोनेरी पट्टीवर सुई टेकवतात आणि वीज सोडतात. आपल्याला वाटतं, टेकली म्हणजे छान चिकटली. कसलं काय. भिंगाखाली पाहिलं तर दोन्हीकडे नुसते डोंगर आणि दऱ्या, आणि एकमेकांना लागतात ती फक्त उंच शिखरं. सगळी वीज तेवढ्याशा ठिपक्यांतून जाते. बेसबॉलची मॅच सुटल्यावर सगळं स्टेडियम एका फाटकातून बाहेर पडतं ना, तशी ती तिथं चेंगरते. त्या चेंगराचेंगरीलाच आम्ही रोध म्हणतो. तो वाढला की चांगली चिपसुद्धा नापास होते.

माझी नोकरी म्हणजे ही चेंगराचेंगरी संगणकात मांडायची. सुईच्या टोकाचे लाखभर तुकडे पाडायचे, ठिपक्याजवळ आणखी बारीक, आणि प्रत्येक तुकड्यातून किती वीज गेली ते काढायचं. एका हिशेबाला यंत्र अख्खा दिवस घेतं. तोवर मी चहा पितो आणि माणसं मला कामसू समजतात.

तर हिशेब असा सांगतो, की एका गोल टोकाऐवजी मुकुटासारखी चार टोकं केली, एकमेकांपासून जरा दूर, तर चार फाटकं उघडतात आणि रोध पस्तीस मिलिओमपर्यंत उतरतो. आम्हाला साठच्या आत हवाय. एप्रिलपासून नवीन तपासणी यंत्र सुरू होणार, त्याला लागणाऱ्या सगळ्या सुया मार्चच्या आत ठरणार. केसाएवढ्या तारेवर चार टोकं काढणारा माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो फॅक्स मोठ्यानं वाचतो. तू माझी मावशी आहेस हे मी साहेबांना आधीच सांगून टाकलंय. याझावासाहेब म्हणाले, सुई चांगली असेल तर आजीची असली तरी चालेल.

नमुने पाठवशील?

तुझा
शुनपेई

*

हिरोशिमा, २५ नोव्हेंबर

शुनपेई,

तुझ्या चार ओळी मी समजून घेतल्या. माझ्याही तू घे.

एका सुईचे लाख तुकडे करतोस आणि त्याचा पगार घेतोस? आमच्याकडे एक जरी सुई मोडली असती तरी तुझ्या काकांनी कान पिळला असता. पण ते फाटकाचं मला पटलं. कुरामोतोंनाही पटलं. ते गेली तीस वर्षं त्याच फाटकात अडकून शिव्या घालतायत.

आता माझंही सरळ ऐक. दोन वर्षांत कामं इतकी कमी झालीत की आम्ही पाचजण दुपारी नुसते एकमेकांची तोंडं बघतो. एक माणूस कारखान्याची जागा मागायला येतो, त्याला तिथं चोवीस तास उघडं राहणारं दुकान टाकायचंय. मोठा गोड बोलतो. मी त्याला वसंतापर्यंत थांबायला सांगितलंय. हे काम मिळालं तर कारखाना चालेल, नाही मिळालं तर मार्चअखेर शटर खाली. तू मनाला लावून घेऊ नकोस, पण माहीत असू दे.

कुरामोतो तुझं चित्र खिशात घालून हिंडतायत. चार टोकं म्हणजे पोराचा हट्ट, असं तोंडानं म्हणतात, आणि डबा खातानाही भिंग सोडत नाहीत. पन्नासेक सुया डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतील. पण पाठवीन आठ तारखेनंतरच. त्या दिवशी आपल्याकडे सुयांची पूजा, विसरलास का? वर्षभर राबून झिजलेल्या सुया कोन्याकूच्या मऊ वडीत टोचायच्या, हात जोडायचे आणि त्यांना म्हणायचं, बायांनो, आता आराम करा. तुमच्या तिकडचे लोक म्हणे हे फेब्रुवारीत करतात, आणि तेही तोफूत. त्यांचं त्यांना लखलाभ. यंदा आपल्या भागातल्या साप्ताहिकाचा फोटोवाला येणार आहे. मी केस करून घेणार आहे.

बरोबर कालवांची पेटी पाठवतेय. शिजवून खा, कच्ची खाऊ नकोस, तुझं पोट मला माहीत आहे.

मावशी

*

कावासाकी, १९ डिसेंबर

मावशी,

कालवं शिजवूनच खाल्ली. सुयाही मिळाल्या. कुरामोतोंना सांग, ते मुकुट भिंगाखाली बघायला आमच्या मोजणीच्या खोलीत रांग लागली. एवढं कौतुक ऐकून घे, कारण पुढचं चांगलं नाही.

मोजणी आसाकुराबाई करतात. वयानं माझ्याएवढ्याच, पण बोलतात हेडमास्तरासारख्या. त्यांनी सुया एकेक करून टेकवल्या. माझ्या हिशेबानं पस्तीस यायला हवे होते. एक आली चाळीस, पुढची चारशे, तिच्यापुढची दोनशे, मग परत चारशे. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी एक जुनी गोल टोकाची सुई लावून दाखवली. ती अगदी नेहमीसारखी निघाली. मग त्या म्हणाल्या, "ओगाता-सान, माझ्या यंत्राला तुमचा हिशेब वाचता येत नाही. ते फक्त सुई वाचतं."

माझी जागच्या जागी चटणी झाली. याझावासाहेबांनी तो कागद नुसता उलटा करून ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिलीय, त्यानंतर ते दुसऱ्या कारखान्याची गोल सुई घेणार.

चूक माझीच असणार. तुकडे पुरेसे बारीक नसतील. पुन्हा सगळं मांडतोय.

शुनपेई

*

हिरोशिमा, २४ डिसेंबर

शुनपेई,

पत्र वाचून कुरामोतोंचं तोंड एवढंसं झालं. सगळ्या टोकांवर त्यांनी पुन्हा नजर घातली, म्हणजे जी दोन-चार इथं शिल्लक होती त्यांच्यावर. त्यांच्यात काहीही खोट नाही. मीही पाहिलं.

तुझा हिशेब चुकला असेल तर दुरुस्त कर, त्यात लाजण्यासारखं काय आहे? तू लहानपणी इथं यायचास तेव्हा तुझ्या काकांनी तुला शंभर सुया मोजायला दिल्या होत्या. तू एकशेदोन मोजल्यास आणि त्यांनाच पुन्हा मोजायला लावल्यास. एकशेदोनच निघाल्या. मला तेव्हापासून तुझ्या हिशेबाचा भरवसा आहे. पण तुझी मावशी काही याझावासाहेब नाही.

त्या आसाकुराबाईंबद्दल तू दीड पान लिहिलंस. एवढं तर मोजणीबद्दलही लिहिलं नाहीस. लग्न झालंय का त्यांचं?

मावशी

*

कावासाकी, ११ जानेवारी १९९८

मावशी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. दीड पान नव्हतं, अर्धं होतं. झालेलं नाही.

सुट्टीत घरी गेलो नाही, आई रागावलीय. तुकडे दुप्पट बारीक केले, चौपट बारीक केले. उत्तर पस्तीसच्या आसपासच घुटमळतं. मग उलटीकडून सुरुवात केली. चारशे यायला काय व्हायला हवं, ते यंत्रालाच विचारलं. ते म्हणतं, चार टोकांपैकी तीन टोकं काहीच बोलत नसली पाहिजेत. म्हणजे टेकलीत, पण मिठाची गुळणी धरून बसलीत, आणि चौथ्याच्याही कोपऱ्यातूनच काय ती वीज जातेय. असं एकाच कारणानं होतं. टोकांवर कसला तरी पातळ पापुद्रा आहे. डोळ्यांना दिसत नाही आणि विजेला पलीकडे जाऊ देत नाही.

आसाकुराबाईंनीही एक गोष्ट टिपलीय. तीच सुई दहा-वीस वेळा आपटली की आकडा हळूहळू खाली येतो. पापुद्रा फाटत असावा.

मी हे साहेबांपुढे मांडलं. ते म्हणाले, हिशेबात हवा तेवढा पापुद्रा घालून हवं ते उत्तर काढता येतं, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. आणि त्यांचं खरं आहे, मावशी. पापुद्रा कशाचा आहे, हे कळल्याशिवाय माझं बोलणं म्हणजे नुसती सबब.

म्हणून विचारतो, रागावू नकोस. सोन्याचा मुलामा दिल्यावर सुयांना काय काय लागलं? तेल, साबण, हातमोज्यांची पूड, काहीही. कुरामोतो कामाच्या टेबलावर डबा खातात ना?

शुनपेई

*

हिरोशिमा, १६ जानेवारी

शुनपेई,

कुरामोतो तीस वर्षं त्याच टेबलावर डबा खातायत आणि आजवर एकाही सुईला भाताचं शीत लागलेलं नाही.

तुला म्हणायचंय की माझ्या सुया घाणेरड्या आहेत. मुलाम्यानंतर त्यांना काहीही लागलेलं नाही. स्वच्छ पाण्यानं धुतल्या, वाळवल्या, डबीत भरल्या आणि तुझ्याकडे धाडल्या. तुझे काका सुई कपाळाला लावून मगच डबीत ठेवायचे, आणि त्यांच्या कारखान्यातून तू घाण शोधतोस.

तुझा तो पापुद्रा तुमच्याच खोलीत शोध.

फुसाए मोरिवाकी

*

हिरोशिमा, ६ फेब्रुवारी

शुनपेई,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मागच्या पत्राखाली मी पुरं नाव लिहिलं, ते तुला झोंबलं असेल. झोंबावं म्हणूनच लिहिलं होतं. पण एवढंही नाही.

तू काही लिहीत नाहीस, म्हणजे सगळं संपलं असं मी धरून चाललेय. दुकानवाला वीस तारखेला कागद घेऊन येणार आहे. मी हो म्हटलंय. कुरामोतोंना सांगितलं तेव्हा त्यांनी जाऊन प्रेसला तेल घातलं. दोन महिन्यांत न चाललेल्या प्रेसला. मला रडू आलं, पण बाकीच्यांसमोर आवरलं.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी उगीचच तुझ्यावर डाफरले. सुई नापास झाली याचं एवढं नव्हतं रे. काकांच्या फोटोपुढे रोज बसते, त्यांना कसं सांगू की तुमच्या सुया मळक्या निघाल्या, हे मला सुचेना. तो राग तुझ्यावर निघाला.

आता सगळंच आवरतेय, तर तुला आठवण म्हणून साप्ताहिकातलं कात्रण पाठवते. आठ डिसेंबरचं. मधली मी, केस बघ. माझ्या शेजारी कुरामोतो हात जोडून उभे आहेत आणि डोळे मिटायच्या ऐवजी कॅमेऱ्याकडे बघतायत. पुढे कोन्याकू. सुया कशा उठून दिसतात बघ, राखाडी वडीवर चांदण्या पेरल्यासारख्या. फोटोवाला पोरगा फार खूश झाला.

नागानोचे हिवाळी ऑलिंपिक खेळ उद्यापासून सुरू. स्की उड्या बघायला कुरामोतो आमच्याकडे येणार. तेवढीच करमणूक.

मावशी

*

कावासाकी, १० फेब्रुवारी, जलद टपालानं

मावशी,

कागदावर सही करू नकोस. कोणत्याही परिस्थितीत करू नकोस. आधी हे वाच.

मी पत्र लिहिलं नाही ते झोंबलं म्हणून नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं. तुझ्या पत्रानं काल माझ्या तोंडचं पाणी पळालं. कात्रण मी टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. आसाकुराबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी ते उचललं. परवाच्या रविवारी त्या आपल्या आईबरोबर देवळात जाऊन आल्या होत्या, आठ फेब्रुवारीची सुयांची पूजा, तोफूतली. बराच वेळ त्यांनी फोटो न्याहाळला आणि म्हणाल्या, "आम्ही टोचलेल्या सुया काळ्या, वाकलेल्या होत्या. तुमच्या मावशींच्या सुया निवृत्त झालेल्या दिसत नाहीत. त्या तर नोकरीला लागायच्या तयारीत दिसतायत."

मावशी, झिजलेल्या सुया चमकत नाहीत. सोन्याचा मुलामा उडून त्या काळ्या पडतात, हे मला तूच शिकवलंस. मग फोटोत चांदण्या कुठल्या?

मला एवढंच सांग. आठ तारखेला कोन्याकूत टोचल्या त्या कोणत्या सुया?

शुनपेई

*

हिरोशिमा, १२ फेब्रुवारी

शुनपेई,

कप्पाळ माझं.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसले. सगळं सांगते. काही लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही दरवर्षीप्रमाणे जुन्या सुया टोचल्या. फोटोवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, आजी, यात काहीच दिसत नाही, नुसती वडी दिसतेय. खरंच दिसत नव्हतं. सुया केसाएवढ्या आणि वर काळ्या. तो फोटो न काढताच निघाला. कुरामोतो म्हणाले, थांब, आणि आत जाऊन तुझ्या नव्या सुया घेऊन आले. मी म्हटलं, चांगलंच आहे, कामाला लागायच्या आधी त्यांनाही देवाचा आशीर्वाद मिळेल. जुन्या बाजूला केल्या, नव्या टोचल्या, फोटो झाला. मग नव्या काढल्या, स्वच्छ पाण्याखाली धरल्या, वाळवल्या आणि तुला पाठवल्या.

तू विचारलंस, काय लागलं? मी सांगितलं, काही नाही. अरे, देवापुढे ठेवलेली वस्तू मळते का कुठं? कोन्याकूला मी घाण धरलंच नाही. ते घाण असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्ताही येत नाहीये.

कुरामोतोंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि उठून म्हणाले, तार काढा. आज सकाळपासून प्रेस चालू आहे. आवाजानं माझे उरलेले कानही जाणार, पण जाऊ देत. दुकानवाल्याला मी निरोप धाडलाय की माझी तब्येत बरी नाही. खरंच नाही, छातीत धडधडतंय.

काय करायचं ते लवकर सांग.

मावशी

ता. क. आसाकुराबाईंना माझा नमस्कार. हिच्या डोळ्यात भिंगच बसवलंय म्हणायचं.

*

कावासाकी, २३ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर मी तुला काय काय पाठवायचं ते ओरडून सांगितलं, ते तुला ऐकू आलं की नाही देव जाणे, पण कुरामोतोंना आलं असणार, कारण पाकीट अगदी बरोबर आलं. आता नीट सगळं सांगतो.

साहेबांची अट तुला आठवते. उत्तर माहीत असताना पापुद्रा जुळवणं म्हणजे फसवणूक. तेव्हा मी ठरवलं, की आधी पापुद्रा मोजायचा, मग हिशेब करायचा, उत्तर साहेबांच्या हातात द्यायचं, आणि त्यानंतर आसाकुराबाईंनी सुई टेकवायची. त्याच्या आधी कुणी काही मोजायचं नाही.

त्यासाठी कोपऱ्यावरून कोन्याकू आणला. आमच्या मोजणीच्या खोलीत टोपी, मोजे, पांढरा डगला घातल्याशिवाय माणसाला जाऊ देत नाहीत, आणि आम्ही दोघं तिथल्या टेबलावर कोन्याकूची वडी ठेवून तिच्यात सोन्याच्या पट्ट्या खुपसत होतो. नेमके याझावासाहेब आत आले. त्यांनी वडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मी बोलायला लागणार, तेवढ्यात आसाकुराबाई अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "नमुना आहे, सर." साहेब तसेच मागे फिरले. नंतर कळलं की बाहेर जाऊन पोट धरून हसले.

आणि मावशी, काय निघालं म्हणतेस? कोन्याकू म्हणजे शेवटी काय, सुरणाच्या जातीच्या कंदाचं पीठ आणि ते धरून ठेवायला चुना. पाण्यानं तो वरवर जातो, पण जे उरतं ते वाळलं की कडक होतं. कपड्याला खळ बसते ना, अगदी तशी. तुझ्या सुयांना खळ बसली होती. सोन्यावर तिची काच झाली होती, दिसतही नव्हती. एवढी नाजूक सुई, तिला दाब किती, दहा ग्रॅमसुद्धा नाही. त्या दाबाला खळ फुटणार कशी?

खळीची जाडी मोजली, हिशेबात घातली. यंत्रानं अख्खा दिवस घेतला. मी या वेळी चहासुद्धा प्यायलो नाही. उत्तर आलं, तीनशेऐंशीच्या आसपास. कागद साहेबांना दिला. मग आसाकुराबाईंनी तुम्ही मुद्दाम कोन्याकूत बुडवून पाठवलेल्या सुया टेकवल्या. बहुतेक सगळ्या चारशेच्या अलीकडे-पलीकडे. नंतर न बुडवलेल्या नव्या सुया. पहिली छत्तीस. दुसरी चौतीस. तिसरी पुन्हा छत्तीस. आसाकुराबाई आकडे वाचत होत्या आणि त्यांचा आवाज प्रत्येक आकड्याला थोडा थोडा हेडमास्तरपणा सोडत होता.

साहेबांनी कागद उलटा करून ठेवला नाही. खिशात घातला. म्हणाले, "हिशेबानं खळसुद्धा ओळखली. सुई मोरिवाकींचीच."

एप्रिलपासून काम तुमचं. कराराचे कागद वेगळ्या टपालानं येतायत. त्यांच्यावर मात्र सही कर.

माझा हिशेब पहिल्यापासून बरोबर होता, याचा मला आनंद झाला हे खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठा आनंद म्हणजे कुरामोतोंची सुईही पहिल्यापासून बरोबर होती. दोघांच्या मध्ये नुसती एक वडी आली होती.

तुझा
शुनपेई

*

हिरोशिमा, २८ फेब्रुवारी

शुनपेई,

सही केली. घाईघाईत केली, म्हणून अक्षर जरा पळालंय. तुझ्या साहेबांना सांग, म्हातारीचं आहे, खरंच आहे.

तुझं पत्र कुरामोतोंनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. फॅक्स काय, पत्र काय, त्यांना सगळं सारखंच. छत्तीस, चौतीस, छत्तीस वाचून झाल्यावर ते बाहेर जाऊन नाक शिंकरून आले आणि म्हणाले, चौतीसवाली कोणती ते मला माहीत आहे. कुठून माहीत असणार, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुकानवाला काल आला. मी त्याला बसवलं आणि गरम ओदेन वाढलं. मुळा, अंडं, आणि कोन्याकूचे दोन तुकडे जास्तीचे. तो खात खात म्हणाला, मावशी, कोन्याकू फार सुंदर झालाय. मी म्हटलं, हो, याच्यामुळेच जागा जाणार होती आणि याच्यामुळेच राहिली. त्याला काही समजलं नाही. पण माणूस वाईट नाही. जाताना काकांच्या फोटोला नमस्कार करून गेला.

काकांना मी सगळं सांगितलं. सुया मळक्या नव्हत्या, नुसत्या देवाच्या पाया पडून आल्या होत्या, असं सांगितलं. त्यांना हसू आलं असतं. मला तर आलंच, आणि किती दिवसांनी आलं ते आठवेना.

आता तुला एक काम. त्या पहिल्या पन्नास सुया, ज्या नापास ठरल्या, त्या फेकू नकोस. मला परत पाठव. आम्ही त्यांना आधी विश्रांती दिली आणि नंतर राबायला लावलं, हे उलटं झालं. त्यांच्यात काही दोष नसताना त्यांनी तुमच्या यंत्राचे बोल ऐकून घेतले. यंदा आठ डिसेंबरला त्यांना नीट कोन्याकूत टोचू, आणि या वेळी कुणी काढणार नाही.

फोटोवाल्याला मी आताच सांगून ठेवलंय, सुया दिसल्या नाहीत तरी चालेल, माणसं दिसू देत.

तू येशीलच. आसाकुराबाईंनाही घेऊन ये. त्यांना सांग, आमच्याकडे तोफू मिळणार नाही.

मावशी